भाड्याच्या हिऱ्यांची राणी

साल 1663. तुम्ही सुरतेत आहात, तापीच्या काठी. येत्या जानेवारीत शिवाजी महाराज या शहरावर चालून येणार, हे इथं कुणाच्या स्वप्नातही नाही. तुम्हाला ठाऊक आहे, पण गप्प बसा. समोर दलाल पुडी उलगडतोय.

आत गोवळकोंड्याच्या मुलखातले हिरे. पैलू बेताचेच, कारण आपला कारागीर आधी वजन राखतो, चमक मागाहून बघतो. रुमालाखाली दोन हात शिरतात, बोटं दाबली जातात आणि तोंडातून शब्द न निघता भाव ठरतो. ब्राझीलच्या खाणी सापडायला अजून साठेक वर्षं आहेत. तोवर युरोपातला जवळजवळ प्रत्येक हिरा हिंदुस्थानातूनच जाणार.

आता 23 एप्रिल 1685. लंडन. दुसऱ्या जेम्सची राणी, मोडेनाची मेरी, राज्याभिषेक उरकून वेस्टमिन्स्टर ॲबीतून बाहेर पडतेय. डोक्यावर सोन्याचा मुकुट, आत मखमलीची टोपी, 129 मोती आणि 561 हिरे. डोळे दिपले ना? मग ऐका: हिरे भाड्याचे आहेत. सोहळा आटोपला की कोंदणातून निघून जव्हेऱ्याकडे परत. उसना चंद्रहार घालून बोहल्यावर उभ्या राहिलेल्या नवरीत आणि हिच्यात फरक एवढाच, की हिच्यापुढे अख्खं राज्य वाकतंय. मला तर यात राजघराण्याचा हिशेबीपणाच जास्त दिसतो. सांगाडा जपायचा, खडे गरजेपुरते आणायचे. आज लंडनच्या टॉवरमध्ये तो मुकुट आहे, खडे स्फटिकाचे.

1727 मध्ये दुसऱ्या जॉर्जची राणी कॅरोलाइन हाच मुकुट घालते. 1831 मध्ये राणी ॲडलेडला मात्र भाड्याची कल्पना रुचत नाही. ती स्वतःचेच दागिने मोडून नव्या मुकुटात बसवून घेते.

6 मे 2023. परत सुरत, महिधरपुरा. रस्त्यातच पुड्या उघडतायत, दलाल स्कूटरवर टेकलेत, भाव आता कॅलक्युलेटरवर. मोबाइलवर लंडनचा राज्याभिषेक, त्यात राणी कॅमिला दिसते. मुकुट जुनाच, 1911 साली राणी मेरीसाठी घडवलेला. आठांपैकी चार अर्धकमानी तेवढ्या काढल्यात. 1911 मध्ये त्यात कोहिनूर होता. यंदा तो टाळलाय. त्याऐवजी दक्षिण आफ्रिकेच्या कलिनन हिऱ्याचे तिसरा, चौथा आणि पाचवा असे तीन तुकडे. राणी दुसऱ्या एलिझाबेथ ते ब्रोच म्हणून लावायच्या.