कावळ्याचे घर आणि सावित्रीचे पाणी

चिऊ-काऊची गोष्ट तेराव्या शतकातील 'लीळाचरित्रा'त आढळते. पावसात कावळ्याचे शेणाचे घर वाहून जाते, पण ते मातीतच मिसळते. प्लास्टिक मिसळत नाही. प्रशांत महासागरातील मिडवे बेटावर अल्बट्रॉस पक्षी अन्न समजून तेच पिलांना भरवतात. समुद्रपक्ष्यांवरील मराठी चित्रपुस्तक मात्र, आम्हांस वाटते, महाडपासून सुरू व्हावे. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूर, महाड व तेथील औद्योगिक वसाहतीच्या परिसरातून वाहत बाणकोटला समुद्रास मिळते. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली. जुलै २०२१ च्या महापुरात महाड बुडाले. ओसरत्या पाण्याबरोबर घराघरांतले काय समुद्राकडे गेले असेल? जुन्या गोष्टीत दोष पावसाचा होता. नव्या गोष्टीत तो कोणाचा, हे मुलांना विचारू द्यावे.