हार्वे मिल्क आणि मतदारसंघाची सीमारेषा

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को नगराच्या नियामक मंडळावर नोव्हेंबर १९७७ मध्ये हार्वे मिल्क हे निवडून आले. आपण समलिंगी आहोत ही गोष्ट न लपविता लोकनियुक्त पद मिळविणारे ते पहिले अमेरिकन होत, असे विधान लोकप्रिय चरित्रांतून व वृत्तपत्रांतून वारंवार आढळते. हे विधान कालानुक्रमाच्या कसोटीस उतरत नाही. होझे सारिया यांनी याच मंडळासाठी १९६१ मध्येच उघडपणे उमेदवारी केली होती. त्यांना यश आले नाही, परंतु हजारोंनी मते पडली. पुढे एप्रिल १९७४ मध्ये मिशिगन राज्यातील अ‍ॅन आर्बर येथे कॅथी कोझाचेंको या अवघ्या ५२ मतांच्या आधिक्याने नगर परिषदेवर निवडून आल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात एलेन नोबल यांना मॅसॅच्युसेट्सच्या विधानसभेत स्थान मिळाले. मिनेसोटाचे सिनेट सदस्य अ‍ॅलन स्पिअर यांनी पदावर असतानाच १९७४ च्या अखेरीस आपली ओळख प्रकट केली व १९७६ मध्ये मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. तेव्हा मिल्क यांना सरसकट ‘पहिले’ म्हणता येत नाही. आधी कोणत्याही पदावर निवडून आलेला नसताना, उघडपणे समलिंगी म्हणून उभा राहून विजयी झालेला पहिला अमेरिकन पुरुष, एवढेच फार तर म्हणता येईल.

परंतु प्रथमत्वाचा हा वाद इतिहासाच्या अभ्यासकास फार दूर नेत नाही. अधिक विचारणीय प्रश्न निराळा आहे. चार वर्षांत तीन वेळा पराभूत झालेला हाच उमेदवार, याच नगरात, चौथ्या खेपेस कसा निवडून आला? मिल्क यांच्या चरित्रातील धैर्य व वक्तृत्व यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्या निवडणूक पद्धतीमुळे त्या गुणांना फळ आले तिच्याकडे मात्र तितकेसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत निबंधाचा विषय तो आहे.

मिल्क यांचा जन्म २२ मे १९३० रोजी न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवर वुडमीअर येथे, लिथुआनियातून आलेल्या एका ज्यू कुटुंबात झाला. ऑल्बनी येथील शिक्षक महाविद्यालयातून १९५१ मध्ये पदवी घेतल्यावर कोरियन युद्धाच्या काळात ते नौदलात दाखल झाले. १९५५ मध्ये त्यांनी नौदल सोडले. आपणास समलिंगी म्हणून अप्रतिष्ठेने काढण्यात आले, असे ते पुढे मतदारांस सांगत. चरित्रकार रँडी शिल्ट्स यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या कथनाविषयी संशय व्यक्त केला होता. अलीकडे उजेडात आलेल्या नौदलाच्या कागदपत्रांवरून असे दिसते की, लष्करी न्यायालयापुढे खटला टाळण्यासाठी मिल्क यांनी राजीनामा दिला आणि त्यांची मुक्तता सन्माननीय मानली गेली नाही. म्हणजे मिल्क यांनी वस्तुस्थिती काहीशी रंगवून सांगितली असली, तरी ती रचलेली नव्हती. उमेदवाराचे स्वतःविषयीचे कथन आंधळेपणाने स्वीकारणे जसे अयोग्य, तसेच कागद हाती येण्यापूर्वी ते असत्य ठरविणेही अयोग्य, हा धडा येथे मिळतो.

त्यानंतरची सतरा वर्षे त्यांच्या भावी कार्याची कोणतीही चाहूल देत नाहीत. काही काळ शाळेत अध्यापन, मग विमा कंपनीत आकडेमोड, मग वॉल स्ट्रीटवरील एका पेढीत नोकरी, असा त्यांचा क्रम होता. १९६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी बॅरी गोल्डवॉटर या कट्टर पुराणमतवादी उमेदवाराचा पुरस्कार केला होता. न्यूयॉर्कच्या प्रायोगिक रंगभूमीशी संबंध आल्यावर त्यांची वृत्ती पालटली. १९७२ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोत स्थायिक झाले व पुढील वर्षी त्यांनी व त्यांचे सहचर स्कॉट स्मिथ यांनी कॅस्ट्रो स्ट्रीटवर छायाचित्रणाच्या साहित्याचे दुकान उघडले.

ही वस्ती मूळची आयरिश कॅथलिक कामकऱ्यांची होती. साठोत्तर वर्षांत तेथील कुटुंबे उपनगरांकडे जाऊ लागली, घरे स्वस्त झाली व तेथे समलिंगी तरुण येऊन राहू लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात समलिंगी म्हणून सेवेतून काढलेले कित्येक सैनिक व खलाशी गावी परत न जाता याच बंदरात राहिले होते. त्यामुळे नगरात अशा लोकांचा समाज पूर्वीपासून होताच. आता त्यास एक भूप्रदेश मिळाला. जुन्या व्यापाऱ्यांनी दोघा समलिंगी पुरुषांच्या दुकानास विरोध केला, तेव्हा मिल्क यांनी इतरांच्या साह्याने वस्तीतील दुकानदारांची स्वतंत्र संघटना उभारली व १९७४ मध्ये रस्त्यावर जत्रा भरविली. जत्रेस पाच हजारांहून अधिक लोक लोटले. पूर्वी विरोध करणाऱ्या काही दुकानदारांचा त्या दिवशीचा व्यापार अपूर्व झाला, आणि त्यांचा विरोध पुष्कळसा मावळला.

आता निवडणुकांकडे वळू. सॅन फ्रान्सिस्कोच्या मंडळात अकरा सभासद असत, व कित्येक दशकांच्या प्रघातानुसार ते सर्व संपूर्ण नगराच्या मतांनी निवडले जात. प्रभागनिहाय नगरसेवक निवडण्याची पद्धत ज्यांच्या परिचयाची आहे त्या आपल्या वाचकांस या व्यवस्थेचा परिणाम सहज ध्यानात येईल. सर्व नगरात आपले नाव पोहोचविण्यास पुष्कळ द्रव्य लागे. म्हणून धनिकांचा, मोठ्या वृत्तपत्रांचा किंवा प्रस्थापित संघटनांचा पाठिंबा असलेला उमेदवारच तग धरी. एखाद्या वस्तीत बहुसंख्य असलेला समाज नगराच्या प्रमाणात अल्पसंख्य ठरे व त्याची मते विखरून जात.

मिल्क यांची प्रथम उमेदवारी १९७३ मधील होय. ३२ उमेदवारांत त्यांचा क्रम दहावा लागला व त्यांना सुमारे १७,००० मते मिळाली. कॅस्ट्रो व आसपासच्या वस्त्यांत ते आघाडीवर होते; त्या वेळी विभागवार निवडणूक असती तर ते तेव्हाच निवडून आले असते. १९७५ मध्ये ते सातवे आले व एकाच क्रमाने त्यांची जागा हुकली. १९७६ मध्ये राज्य विधानसभेसाठी आर्ट अ‍ॅग्नोस यांच्याविरुद्ध झालेल्या लढतीत ४,००० हून कमी मतांनी त्यांचा पराभव झाला. त्याच वर्षी महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांनी त्यांना परवानेविषयक अपील मंडळावर नेमले होते. परंतु विधानसभेची उमेदवारी जाहीर करताच पाच आठवड्यांतच ते पद गेले. येथे हेही नमूद केले पाहिजे की, नगरातील समलिंगी समाजाच्या जुन्या पुढाऱ्यांचा मिल्क यांना पाठिंबा नव्हता. उदार वृत्तीच्या मित्रांकरवी हळूहळू सवलती मिळवाव्या, असे त्या पुढाऱ्यांचे धोरण होते. आपला प्रतिनिधी आपल्यातूनच असावा, असा मिल्क यांचा आग्रह होता.

नोव्हेंबर १९७६ मध्ये नगरातील मतदारांनी विभागवार निवडणुकीचा प्रस्ताव संमत केला. वस्त्यावस्त्यांतील नागरी संघटनांनी व कामगार संघांनी त्यासाठी परिश्रम केले होते. ऑगस्ट १९७७ मध्ये तो निर्णय फिरविण्याचा प्रयत्न झाला, तोही मतदारांनी हाणून पाडला. त्यानंतर तीनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत पाचव्या विभागातून सतरा उमेदवारांमध्ये सुमारे ३० टक्के मते घेऊन मिल्क विजयी झाले. या विजयाचे मर्म शेजारच्या विभागांचे निकाल पाहिल्यावाचून कळत नाही. त्याच निवडणुकीत गॉर्डन लाऊ हे चिनी वंशाचे पहिले लोकनियुक्त सभासद झाले, एला हिल हच या पहिल्या कृष्णवर्णीय महिला सभासद झाल्या, आणि आठव्या विभागातून डॅन व्हाइट हा माजी पोलीस व अग्निशामक निवडून आला. ज्यांना नगर म्हणून नगराने कधी निवडले नव्हते अशांना त्यांच्या वस्त्यांनी निवडले. ज्या सीमारेषेने मिल्क यांना सभागृहात आणले, तिनेच त्यांच्या मारेकऱ्यासही आणले, ही गोष्ट या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी विसरू नये.

तथापि केवळ सीमारेषेने मिल्क निवडून आले, असे म्हणणेही एकांगी होईल. कामगारांशी त्यांनी आधीच सख्य जोडले होते. कूर्स या बिअरवर मालवाहू चालकांच्या संघाने बहिष्कार पुकारला, तेव्हा मिल्क यांनी कॅस्ट्रोतील मद्यालयांतून ती बिअर हद्दपार करविली व मोबदल्यात समलिंगी चालकांस नोकऱ्या देण्याची मागणी केली. या व्यवहारातून उभयपक्षी विश्वास निर्माण झाला. सर्वच मैत्री अशी निर्दोष नव्हती. जिम जोन्स यांच्या ‘पीपल्स टेंपल’ पंथाचे स्वयंसेवक नगरातील अनेक राजकारण्यांप्रमाणे मिल्क यांनीही वापरले, आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये जोन्स यांची भलामण करणारे पत्र अध्यक्ष कार्टर यांस लिहिले. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला गयानात त्या पंथाच्या नऊशेंहून अधिक माणसांचा अंत झाला. चरित्रकाराने हे पत्र झाकून ठेवणे योग्य नव्हे.

मिल्क यांना पदावर अकरा महिनेही लाभले नाहीत. या अवधीत नोकरी, घर व सार्वजनिक स्थळे यांबाबत समलिंगी व्यक्तींविरुद्ध भेदभाव करण्यास मनाई करणारा नगर कायदा त्यांनी संमत करविला. मंडळात एकट्या व्हाइटने विरोधी मत दिले. परंतु कुत्र्याची विष्ठा मालकानेच उचलावी, या त्यांच्या नियमाची वृत्तपत्रांत जितकी चर्चा झाली तितकी क्वचितच इतर कशाची झाली असेल. हा तपशील क्षुल्लक नव्हे. वस्तीचा प्रतिनिधी प्रथम वस्तीच्या रस्त्याचा प्रतिनिधी असतो, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

त्यांची खरी परीक्षा वस्तीबाहेर झाली. जून १९७७ मध्ये फ्लोरिडातील डेड परगण्याच्या मतदारांनी अशाच संरक्षणाचा नियम रद्द केला होता व १९७८ मध्ये सेंट पॉल, विचिटा व यूजीन या नगरांनी त्याचेच अनुकरण केले. कॅलिफोर्नियात सिनेट सदस्य जॉन ब्रिग्ज यांनी सहावा प्रस्ताव मांडला. त्यानुसार समलिंगी शिक्षकांस, इतकेच नव्हे तर समलिंगी संबंधांचा जाहीर पुरस्कार करणाऱ्या कोणाही शाळा कर्मचाऱ्यास, काढून टाकता आले असते. येथे विभागाची सीमारेषा उपयोगाची नव्हती. संपूर्ण राज्याचे मत घेतले जाणार होते. मिल्क यांनी प्राध्यापिका सॅली गिअरहार्ट यांच्यासह ब्रिग्ज यांच्याशी ठिकठिकाणी जाहीर वाद केले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक समलिंगी व्यक्तीने आईबाप, आप्त, शेजारी व सहकारी यांस आपली ओळख सांगावी, असा आग्रह त्यांनी धरला. ज्यास आपण ओळखतो त्याच्याविरुद्ध मत देणे माणसास जड जाते, ही त्यामागील धारणा होती. माजी राज्यपाल रोनाल्ड रीगन यांनीही प्रस्तावास विरोध केला. ७ नोव्हेंबर १९७८ रोजी तो सुमारे ५८ टक्के विरुद्ध ४२ टक्के असा, दहा लाखांहून अधिक मतांनी फेटाळला गेला.

त्यानंतर वीस दिवसांनी, २७ नोव्हेंबर रोजी, मॉस्कोनी व मिल्क यांचा नगरभवनातच गोळ्या घालून वध झाला. व्हाइटने राजीनामा दिला होता. तो परत घेण्याची त्याची इच्छा होती व महापौर त्यास अनुकूल नव्हते. पंचांनी मे १९७९ मध्ये त्यास खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविले व सात वर्षे आठ महिने शिक्षा झाली. त्या रात्री नगरात दंगल उसळली. मिल्क यांनी वर्षभरापूर्वीच, आपली हत्या झाल्यास ऐकावी म्हणून, ध्वनिफितीवर इच्छा नोंदवून ठेवली होती व तीत आपल्या जागी योग्य वाटणाऱ्यांची नावे सांगितली होती. त्यांपैकी हॅरी ब्रिट यांची नेमणूक झाली.

या घटनांचा एक परिणाम क्वचितच लक्षात घेतला जातो. ऑगस्ट १९८० मध्ये मतदारांनी विभागवार पद्धतच रद्द केली. १९९६ च्या निर्णयाने ती पुन्हा आली व २००० मध्ये प्रत्यक्षात उतरली. प्रस्तुत निबंधातील प्रतिपादनास येथे एक मर्यादा घातली पाहिजे. समग्र नगराच्या मतदानाने झालेल्या १९८० च्या निवडणुकीत ब्रिट विजयी झाले. म्हणजे जे नगर १९७३ व १९७५ मध्ये मिल्क यांना निवडू शकले नाही, तेच आता त्यांच्या वारसास निवडू शकले. अल्पसंख्य समाजास प्रथम प्रवेश मिळण्यास लहान मतदारसंघ आवश्यक होता. एकदा त्याचा माणूस सभागृहात काम करताना दिसला की मग मोठ्या मतदारसंघाचे भय उरले नाही. सहाव्या प्रस्तावाचा निकालही हेच सांगतो.

मृत्यूनंतरचा सन्मान अशा पायावर उभा नसतो. नौदलाच्या एका तेलवाहू जहाजास मिल्क यांचे नाव देऊन ते नोव्हेंबर २०२१ मध्ये जलावतरित करण्यात आले. जून २०२५ मध्ये ते नाव काढून टाकण्यात आले. ज्या सेवेने त्यांना १९५५ मध्ये दूर केले तिने त्यांच्या नावासही दुसऱ्यांदा निरोप दिला. वरून दिलेले नाव वरूनच काढता येते. पाचव्या विभागातील मतदारांनी १९७७ मध्ये दिलेली मते मात्र अशा रीतीने परत घेता येत नाहीत. आणि मिल्क यांच्या चरित्राचा अभ्यास करणाऱ्याने आपला आरंभ त्या मतपेटीपासून करावा, असे आम्हांस वाटते.