फवारणी पंपाची सुटलेली वायर : सोल्डरिंग असं करा

बॅटरीच्या फवारणी पंपात सर्किट बोर्डवरची वायर बऱ्याचदा सुटते. आधी बॅटरी सोडवा, चार्जर काढा. नवख्याला २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं. तापलं की ते स्टँडवरच ठेवा.

टोक ओल्या स्पंजावर पुसा. वायर आणि बोर्डवरचा तांब्याचा ठिपका दोन-तीन सेकंद एकत्र तापवा, मग तिथं सोल्डर लावा. नुसता थेंब टाकला तर टाका कच्चा राहतो. गार होईपर्यंत वायर हलवू नका.

६०/४० सोल्डरमध्ये ४० टक्के शिसं असतं. साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरी-तंबाखूला हात लावू नका. धूर नाकात जाऊ नये म्हणून खिडकी उघडी ठेवा. भाजलंच तर २० मिनिटं गार वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट लावू नका.