पत्रा आणि बिनतारी लहरी

पोलादी सळयांसाठीं प्रसिद्ध असलेल्या जालन्याच्या एमआयडीसी परिसरांत घरचें इंटरनेट रेंगाळलें, तर दोष बाहेरच्या जोडणीस देण्यापूर्वीं घरांतील पत्र्याकडे पाहावें. १८८८ सालीं जर्मनींत हर्ट्झनें जस्ताच्या पत्र्यावरून विद्युत्-लहरी परतवून दाखविल्या. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें भारतांत सार्वजनिक इंटरनेट सुरू केलें, तें टेलिफोनच्या तारेनें; तेथें पत्र्याचा अडसर नव्हता. पुढें बिनतारी राउटर घरांत आला आणि हर्ट्झचा पत्रा लहरींना आडवा आला. म्हणून प्रथम संगणक तारेनें राउटरला जोडून वेग मोजावा. तो पुरा भरल्यास राउटर लोखंडी कपाटामागून काढून उंच, मोकळ्या जागीं ठेवावा. तारेनेंही वेग अपुरा भरला, तर मात्र तक्रार अवश्य नोंदवावी.