लग्नाच्या आल्बमात कोण उरते?

आंबागडचा किल्ला आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. १७०० च्या सुमारास देवगडच्या बख्त बुलंद शहाचा सुभेदार राजा खान पठाण याने तो बांधला, असे इतिहास सांगतो. पण राजा खानाने स्वतः एकही दगड उचलला नसावा. ज्यांनी उचलले त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. ही तक्रार आम्ही कामगारांच्या सभांतून नेहमीच करतो. आज मला निराळेच विचारायचे आहे. आपल्या घरचा इतिहास आपण स्वतः तयार करतो, तेव्हा आपण काय करतो? कारण कष्टकऱ्याच्या घरी चित्रमय इतिहास म्हणून बहुधा एकच पुस्तक असते, ते म्हणजे लग्नाचा आल्बम.

फोटोची कला १८३९ साली पॅरिसात जगापुढे आली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे आपल्याकडच्या त्या पहिल्या पिढीतले. त्या वेळी समोरच्या माणसाला काही क्षण दगडासारखे स्थिर राहावे लागे. जो हलला तो पुसला गेला! १८५८ च्या जानेवारीत व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीचे लग्न झाले. त्या दिवशी आईबाप व मुलगी यांचा फोटो घेतला, तर राणीलाच कापरे भरले आणि तिचाच चेहरा अस्पष्ट उमटला. राणी झाली तरी लेकीची आईच ती.

हे झाले राजवाड्यातले. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भीमराव आंबेडकर आणि रमाबाई यांचे लग्न भायखळ्याच्या बाजारात लागले, तेही दिवसाचा बाजार उठल्यावर. एका कोपऱ्यात वराकडची मंडळी, दुसऱ्या कोपऱ्यात वधूकडची. तेथे कोठला आला कॅमेरा! १५ एप्रिल १९४८ रोजी बाबासाहेबांचा सविताबाईंशी दिल्लीस नोंदणी विवाह झाला, त्याचे फोटो आपण पाहतो. रमाबाई १९३५ सालीच गेल्या होत्या. ज्या बाईने इतकी वर्षे हालअपेष्टांत संसार ओढला, तिचा नवरीचा चेहरा कसा होता, हे शब्दांवरूनच ताडावे लागते.

पुढे रोलचे कॅमेरे गावोगाव आले. १२० नंबरच्या रोलवर चौकोनी फोटो बाराच निघत. बारांत हार, सप्तपदी, पाठवणी, घरच्यांचा एक घोळका, आणि एखादा पुढारी यायचा असला तर त्याच्यासाठी एक राखून ठेवलेला. म्हणजे निवड बटण दाबण्याच्या आधीच होऊन जाई, आणि ती वडीलधारे पुरुष करीत. चुलीपाशी असलेल्या बायकांना कोणी हाक मारून बोलावले तरच त्या आल्या. छत्तीस फोटोंचा रोल आला तेव्हा थोडी सैल पडली, इतकेच.

आता फोटोग्राफर हजार-दीड हजार फोटो भरून देतो आणि म्हणतो, यांतले दोनशे निवडा. बाराचा जुलूम गेला, ही सबब आता उरली नाही. आणि तरी आपण काय निवडतो? नवरा-नवरीच्या शंभर मुद्रा! डफडी वाजवणारा, आचारी, पंगतीची पाने उचलणारी बाई, मांडवाचे खांब रोवणारे शेजारी, सगळे पहिल्याच चाळणीत गळतात. कोणी मुद्दाम गाळीत नाही. फोटो ‘चांगला’ आला नाही, एवढेच म्हणतात.

संघटनेच्या कामात मला याची दुसरी बाजू दिसते. आपल्या तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत, गावोगाव विडीचे काम आहे. कामगार वारला की बायको कागद घेऊन येते. भिंतीवर लावायला फोटो हवा असतो, आणि घरात शोधू जाता त्याचा नीट चेहरा कोणाच्या तरी लग्नात, तिसऱ्या रांगेत, अर्धा दुसऱ्याच्या खांद्याआड असा सापडतो. तेवढाच कापून मोठा करून घेतात. म्हणून माझे म्हणणे असे की निवडायला बसताना आधी त्यांचे फोटो बाजूला काढा ज्यांचे दुसरीकडे कोठेच फोटो नाहीत. नवरा-नवरीचे पुष्कळ निघतील. आणि मागे किंवा खाली नावे लिहा. नावाशिवाय फोटो दोन पिढ्यांत परका होतो.

गेल्या वर्षी एका खाण-कामगाराच्या घरी हीच निवड चालली होती. नवरीच्या आईचे हजारांत मोजून चार फोटो निघाले. तिघांत ती पाठमोरी, वाढत असलेली. चौथ्यात चेहरा दिसत होता, पण पदर खोचलेला, कपाळावर घाम, हातात भाताचे घमेले. मुलगा म्हणाला, हा नको, सासरचे काय म्हणतील. नवरी काही बोलली नाही. तिने तो फोटो उचलला, आपल्या आणि नवऱ्याच्या हाराच्या फोटोशेजारी ठेवला आणि फोटोवाल्याला म्हणाली, “भाऊ, हा पूर्ण पानाचा करा.”