ग्रीस, पंक्चर आणि डोंगरातली शर्यत

बी.एड.च्या प्रवेश अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ असा एक रकाना होता. मी त्यात ‘व्यापार’ असं लिहिलं. माझ्या अब्बांचं सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडसमोर सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी. बाहेर तासावर भाड्याने द्यायच्या सहा-सात सायकली, दाराशी पाण्याचं घमेलं, वर टांगलेल्या जुन्या ट्यूबा आणि आत ग्रीसचा डबा. अब्बा पंक्चर काढायचे, चाकाचा आऊट काढायचे, दिवाळीच्या आधी ओव्हरऑइलिंग करायचे. त्याच पैशांवर आम्ही चार भावंडं शिकलो. तरी मी ‘व्यापार’ लिहिलं. तेव्हा त्यात काही चुकलं असं वाटलंही नाही.

हे आठवायचं कारण मागच्या वर्षी घडलं. आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेतली मुलं एका आंतरशालेय स्पर्धेला गेली होती. परतल्यावर सातवीतला एक मुलगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “सर, उनो मेरेकू पंक्चरवाला बोले.” त्याचे वडील शिक्षक आहेत. पंक्चरशी त्या घराचा काही संबंध नाही. नाव ऐकलं आणि शिवी दिली, एवढंच. सोशल मीडियावर हा शब्द आपण सगळेच रोज वाचतो. मी त्याला समजावलं, की कोणतंही काम हलकं नसतं. पण बोलताना माझा तो अर्ज मला आठवला आणि माझ्याच वाक्यावर माझा विश्वास बसेना.

त्याच सुमारास मी चाळिशीनंतरचं वजन उतरवायला सायकल चालवू लागलो होतो, आणि डोंगरातल्या सायकल शर्यतींबद्दल वाचत होतो. इंग्रजीत त्याला माउंटन बाइक म्हणतात आणि तिच्या मुख्य शर्यतीला क्रॉस-कंट्री. डांबरी रस्ता नाही. माती, दगड, चढ-उतार यांची एक फेरी आखलेली, आणि सगळ्यांनी एकदम सुटून तिच्या ठरलेल्या फेऱ्या मारायच्या. वाचता वाचता असं लक्षात आलं की हा सगळा खेळच ग्रीसने माखलेल्या हातांनी उभा केला आहे. त्याचा इतिहास आज सांगायचा आहे.

खडबडीत वाटेवर सायकल घालण्याची हौस काही एका देशाची नाही. १९५० च्या दशकात पॅरिसच्या आसपासच्या वीसेक पोरांनी आपल्या सायकलींमध्ये फेरफार करून चिखलमातीत उड्या मारत चालवायला सुरुवात केली होती. १९५५ साली इंग्लंडमध्ये ‘रफ स्टफ फेलोशिप’ नावाची, कच्च्या वाटांवर सायकल नेणाऱ्यांची संघटना निघाली. पण आज जगभर जी सायकल दिसते, तिची सरळ वंशावळ जाते ती अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. १९७० च्या दशकात तिथल्या तरुणांनी भंगारातून जुन्या सायकली उचलायला सुरुवात केली. १९३० आणि ४० च्या दशकांतल्या, जाड टायरच्या, वजनदार. त्यातली श्विन कंपनीची ‘एक्सेलसियर’ त्यांना खास आवडायची, कारण तिचा सांगाडा मार खाऊन टिकायचा. या सायकलींना ते ‘क्लंकर’ म्हणत. आपण खटारा म्हणू तसं. मडगार्ड, स्टँड, जे नको ते काढून टाकायचं आणि डोंगरावरून खाली सोडायची.

फेअरफॅक्स गावाबाहेर आग विझवणाऱ्या गाड्यांसाठी केलेला एक कच्चा रस्ता होता. साडेतीन किलोमीटरपेक्षा थोडं कमी अंतर, आणि तेवढ्यात सुमारे चारशे मीटर उतार. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे पहिली शर्यत झाली. चार्ली केली नावाचा माणूस घड्याळ लावून एकेकाला सोडायचा आणि वेळ वहीत टिपायचा. गॅरी फिशरने पुढे ४ मिनिटं २२ सेकंदांचा विक्रम केला. जो ब्रीझ त्याच्या दोनच सेकंद मागे. बक्षिसाची रक्कम, प्रायोजक असलं काही नव्हतं. सगळे हौशी.

आता त्या शर्यतीचं नाव बघा. त्या जुन्या सायकलींना पेडल उलटं दाबलं की लागणारा ब्रेक असे, मागच्या चाकाच्या हबमध्ये बसवलेला. एवढ्या तीव्र उतारावर तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली पोचल्यावर हब उघडा, पुसा, नवं ग्रीस भरा, मगच पुढची फेरी. पुन्हा भरणे म्हणजे इंग्रजीत ‘रीपॅक’. त्या रस्त्याचं आणि त्या शर्यतीचं नाव पडलं ‘रीपॅक’. म्हणजे ज्या शर्यतीपासून या खेळाचा इतिहास मोजतात, तिचं नाव कुणा राजाचं किंवा देवदूताचं नाही. हब खोलून ग्रीस भरण्याच्या कामाचं आहे. अब्बा दिवाळीच्या आधी जे करायचे, तेच.

पुढची गोष्टही दुरुस्तीचीच. उताराची सायकल चढावर ढकलत न्यावी लागते, म्हणून फिशरने तिला गिअर बसवले. गिअर लावलेल्या असल्या सायकली त्याच्याआधी कुपर्टिनोच्या काही पोरांकडेही होत्या; १९७४ च्या डिसेंबरमध्ये एका शर्यतीत त्या मरिनच्या मंडळींनी पाहिल्या होत्या. म्हणजे शोध एकट्याचा नव्हता. जुने सांगाडे मोडू लागले, तेव्हा जो ब्रीझने १९७७ साली नवाच सांगाडा डोंगरासाठी म्हणून जोडून तयार केला. तो आज वॉशिंग्टनला अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. १९७९ मध्ये केली आणि फिशर यांनी टॉम रिची या कारागिराचे सांगाडे घेऊन ‘माउंटनबाइक्स’ या नावाने धंदा सुरू केला, आणि १९८१ मध्ये ‘स्पेशलाइझ्ड’ कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेली ‘स्टम्पजंपर’ बाजारात आणली. हौस कारखान्यात पोचली.

१९८३ मध्ये अमेरिकेत या शर्यतींसाठी ‘नोर्बा’ ही राष्ट्रीय संघटना झाली आणि नियम बनू लागले. त्यातला एक नियम वाचताना मी थांबलो. शर्यतीत सायकल बिघडली तर ती ज्याची त्याने दुरुस्त करायची. बाहेरच्या कुणाची मदत नाही. पंप, पाना, जादा ट्यूब आपल्या अंगावर. रस्त्यावरच्या मोठ्या शर्यतींत स्पर्धकामागे गाडी असते, मेकॅनिक खाली उतरून चाक बदलून देतो. डोंगरात हे चालणार नाही असं या लोकांनी ठरवलं. जागतिक स्पर्धांमध्येही हा नियम अनेक वर्षं टिकला. नंतर ठरावीक जागी मदत घ्यायला परवानगी मिळाली. थोडक्यात, या खेळात पंक्चर काढता येणं ही कमीपणाची गोष्ट नव्हती, ती पात्रता होती.

बायकाही यात सुरुवातीपासून होत्या, हे सांगायला हवं. रीपॅकच्या त्या दिवसांची जी छायाचित्रं आज आपण बघतो, त्यातली बरीचशी वेंडी क्रॅग या बाईंनी काढलेली आहेत, आणि त्या स्वतः तो उतार उतरायच्या. जॅकी फेलन यांनी १९८३, ८४ आणि ८५ अशी सलग तीन वर्षं नोर्बाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, आणि १९८७ मध्ये डोंगरात सायकल चालवू इच्छिणाऱ्या बायकांसाठी वेगळी संघटना काढली. आमच्या शाळेतल्या मुलींची सायकल आठवी-नववीत घरच्यांकडून बंद होते, तेव्हा मला हे नाव आठवतं.

१९९० मध्ये कोलोरॅडोतल्या डुरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. क्रॉस-कंट्रीत पुरुषांमध्ये नेड ओव्हरएंड जिंकला. तेव्हा त्याचं वय ३५ होतं. महिलांमध्ये ज्युली फर्टाडो. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्रीचा पहिल्यांदा समावेश झाला आणि नेदरलँड्सचा बार्ट ब्रेंट्येन्स आणि इटलीची पाओला पेत्सो यांना सुवर्णपदक मिळालं. भंगारातली सायकल ते ऑलिंपिक, मधे वीस वर्षं.

इथे थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. हातात हुनर असलं की जग मान देतं, असा निष्कर्ष काढून मी त्या मुलाला सांगितलाही असता. पण याच इतिहासात एक जुनं पान आहे, आणि ते वेगळं सांगतं.

रीपॅकच्या ८० वर्षं आधी, मोंटाना राज्यातल्या फोर्ट मिझूला इथे अमेरिकन सैन्याची २५ वी इन्फंट्री होती. या पलटणीतले शिपाई कृष्णवर्णीय, अधिकारी गोरे. घोड्याऐवजी सायकल वापरता येईल का हे बघायला १८९६ मध्ये लेफ्टनंट जेम्स मॉस याने त्यातल्या आठ शिपायांची तुकडी केली. ते रॉकी पर्वतात गेले, यलोस्टोनपर्यंत जाऊन आले. पुढच्या वर्षी, १४ जून १८९७ ला, २० शिपाई मिझूलाहून निघाले आणि ४१ दिवसांनी, २४ जुलैला, सेंट लुईसला पोचले. अंतर सुमारे १,९०० मैल, म्हणजे तीन हजार किलोमीटरहून जास्त. गिअर नसलेल्या सायकली, त्यावर रायफल, काडतुसं, ब्लँकेट, तंबू. सामानासकट एकेक सायकल सत्तावीस किलोच्या घरात. डोंगरात पाऊस आणि बर्फ, चिखलात चाकं रुतायची. रस्ता नसेल तिथे आगगाडीच्या स्लीपरांवरून धक्के खात जायचं. नेब्रास्काच्या वाळूत ऊन आणि खारट पाणी पिऊन माणसं आजारी पडली. तुकडीत जॉन फिंडली नावाचा शिपाई मेकॅनिक होता. तुटलेलं जोडणं, टायर सांधणं त्याच्याकडे. त्याच्या हातांशिवाय ही मोहीम सेंट लुईस बघती ना.

पोचल्यावर हजारोंच्या गर्दीने स्वागत केलं. नंतर शिपायांना आगगाडीने परत पाठवलं आणि सैन्याने सायकलचा विषय गुंडाळला.

त्या वीस जणांत मिंगो सँडर्स नावाचा सार्जंट होता. १९०६ मध्ये ही पलटण टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिल गावी असताना एका रात्री गोळीबार झाला, एक गोरा माणूस मेला. गावकऱ्यांनी शिपायांवर आळ घेतला. शिपाई त्या वेळी बराकीतच होते असं त्यांचे गोरे अधिकारी सांगत होते. खटला चालला नाही, कुणावर काही सिद्ध झालं नाही. तरी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १६७ शिपायांना सन्मानाशिवाय सैन्यातून काढून टाकलं. मिंगो सँडर्स त्यांत होता. २६ वर्षांची नोकरी, आणि निवृत्तिवेतन गेलं. १९७२ मध्ये सैन्याने तो आदेश फिरवला आणि सगळ्यांना निर्दोष ठरवलं. सँडर्स १९२९ सालीच वारला होता.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. एका डोंगरातल्या कारागिरांचा सांगाडा राष्ट्रीय संग्रहालयात आहे. दुसऱ्या डोंगरातून तीन हजार किलोमीटर सायकल हाकलणारा माणूस केवळ संशयावरून रस्त्यावर आला. हुनर दोन्हीकडे होतं, कष्ट दुसरीकडे कितीतरी जास्त. फरक कामाचा नव्हता, माणसाकडे बघणाऱ्या नजरेचा होता. म्हणून त्या सातवीतल्या मुलाला, ‘चांगलं काम कर, मग शिवी थांबेल’ असं मी सांगू शकत नाही. ते खरं नाही. शिवी देणाऱ्याला पंक्चरबद्दल काही म्हणायचंच नसतं. त्याला तुमच्याबद्दल म्हणायचं असतं. त्याच्यापुढे उपयुक्तता सिद्ध करत बसण्यात आयुष्य गेलं तरी हिशोब पुरा होत नाही.

पण माझ्या हातात एक गोष्ट होती. मी स्वतः काय लपवलं, ती.

गेल्या हिवाळ्यात पुण्याजवळच्या टेकड्यांवर भरलेल्या एका हौशी क्रॉस-कंट्री शर्यतीत मी नाव दिलं. चाळिशीच्या पुढच्यांचा गट, चार फेऱ्या. सुटताना सगळे एकदम पुढे घुसले. पहिल्याच चढावर माझा श्वास छातीत मावेना. दुसऱ्या फेरीत बाभळीचा काटा घुसला आणि मागचं चाक बसलं. जादा ट्यूब आणली नव्हती, ती माझी चूक. वाटेच्या कडेला सायकल उलटी केली, टायर सोडवला, ट्यूब फुगवून गालाजवळून फिरवली. घमेलं नसलं की भोक असंच शोधायचं, हे अब्बांनीच शिकवलेलं. घासलं, सोल्युशन लावलं, फुंकर घालत सुकू दिलं. अब्बा म्हणायचे, सोल्युशनला घाई आवडत नाही. मग तुकडा दाबला. तोवर गटातले बहुतेक सगळे पुढे निघून गेले होते. मी शेवटून दुसरा आलो.

शेवटच्या रेषेजवळ शर्यतीचे एक स्वयंसेवक उभे होते. मघाशी त्या वळणावर तेच होते. त्यांनी सहज विचारलं, “पॅच एवढ्या सफाईने लावलात, कुठे शिकलात?”

“अब्बांच्या दुकानात,” मी म्हणालो. “पंक्चरचं दुकान होतं आमचं.”

साधं वाक्य. वीस वर्षांपूर्वी अर्जात लिहायचं राहून गेलं होतं.

आता अब्बा नाहीत. त्यांचा टायर लिव्हर माझ्या सायकलच्या पिशवीत असतो. लोखंडी, टोकाला झिजलेला. दर शनिवारी शाळा सुटल्यावर मैदानावर आठ-दहा मुलंमुली जमतात आणि मी त्यांना पंक्चर काढायला शिकवतो. तो सातवीतला मुलगाही येतो, आता आठवीत आहे. मागच्या शनिवारी त्याने हब पहिल्यांदाच उघडला आणि छर्रे मातीत सांडले. सगळ्यांनी गुडघ्यांवर बसून ते शोधले. एक सापडला नाही. अब्बांच्या डब्यातला मी दिला.