रुक्मिणीच्या माहेरची वाट

आपल्या सीताबर्डीतला झीरो माईलचा खांब आपण सर्वजणी येताजाता पाहतो. इंग्रज मोजणीदारांनी त्या दगडावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल अशी गावांची अंतरे कोरून ठेवली. पंढरपूर मात्र त्यावर नाही. त्यांना तेथे जायचे नव्हते. ज्यांना जायचे होते त्यांनी ती वाट इंग्रज येण्यापूर्वीच पायांनी मोजली होती.

चिटणीसबाईंनी "इतिहासावर काही लिहा" असा आग्रह धरला, तेव्हा मला राजे आणि लढाया न आठवता ही वाटच आठवली.

कौंडण्यपूर हे गाव अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी आहे. आपल्याकडून जाणाऱ्याला आर्वीवरून जाता येते. भीमक राजाची ही राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर, असे आपण मानतो. कथा बाजूला ठेवली तरी गाव प्राचीन आहे, हे डॉ. मो. गं. दीक्षित यांच्या उत्खननाने दाखविले. त्यांचा अहवाल १९६८ साली प्रसिद्ध झाला. येथून सदाराम महाराजांनी १५९४ साली पायी पालखी नेण्यास आरंभ केला, अशी परंपरा आहे. देहूहून तुकोबांच्या पादुका नारायणबाबांनी नेल्या त्या १६८५ साली, आणि आळंदीच्या सोहळ्याला आजची शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी लावली ती एकोणिसाव्या शतकात. म्हणजे लेकीच्या माहेरची माणसे सर्वांच्या आधी निघालेली! तरी वर्तमानपत्रात मोठे फोटो येतात ते पुण्याकडच्या पालख्यांचे, याचे मला जरा वाईट वाटते.

महिन्याहून अधिक दिवसांचे हे चालणे. वाटेत हॉटेल नाही की तिकीट नाही. मुक्कामाच्या गावच्या बायाच भाकऱ्या थापतात, पिठले रांधतात, ओसरी सारवून देतात. युरोपात स्पेनमधील सांतियागो या क्षेत्राच्या पायवाटेला तेथल्या परिषदेने १९८७ साली सांस्कृतिक मार्ग म्हणून मान दिला. तेथे निदान शंभर किलोमीटर चालल्याचे शिक्के दाखविल्यावर यात्रेकरूला प्रमाणपत्र मिळते. आपल्याकडे शिक्का नाही, पायाचे फोड तेवढे मिळतात.

पण सगळेच गोड म्हणून सांगणे खरे नव्हे. इरावतीबाई कर्वे यांनी आपल्या 'वाटचाल' या लेखात दिंडीतल्या ब्राह्मण-मराठ्यांच्या वेगवेगळ्या पंगतींचे दुःख लिहून ठेवले आहे. आम्हां बायकांचे दुःख निराळे, आणि ते कोणी फारसे लिहीत नाही.

माझ्या सासूबाई १९९६ साली दिंडीबरोबर चालल्या. निघताना चुरमुरे, लुगडी आणि एक तांब्या एवढेच त्यांच्या पिशवीत होते. परत आल्या त्या तापाने फणफणत. मी विचारले तेव्हा हळूच म्हणाल्या, "अगं, दिवसभर पाणीच पीत नव्हते. प्यायले तर जायचं कुठं? पुरुष काय, कुठंही उभे राहतात. आम्ही पहाटे तीनला उठून अंधारात शेत शोधायचो." एका गावी शाळेच्या आवारात सोय होती, पण दाराला कुलूप. किल्ली कोणाकडे ते शेवटपर्यंत कळले नाही. दोन महिने त्या उठल्या नाहीत. पुन्हा वारीला गेल्या नाहीत, पण दर आषाढीला खिडकीशी बसून राहत.

२०१५ सालापासून पुण्याकडच्या वाटेवर 'निर्मल वारी' म्हणून फिरती शौचालये ठेवू लागले. हे वाचले तेव्हा सासूबाई नव्हत्या. देवाच्या वाटेवर हे काय लिहायचे, असे काहींना वाटेल. मला तर वाटते, वाट टिकायची असेल तर मृदंगाइतकीच तीही गोष्ट लागते. शिवाय गर्दी गेल्यावर मागे पडणारी प्लास्टिकची पाण्याची बाटली आणि द्रोण शेतकऱ्याच्याच बांधावर राहतात, आणि बैल ते चघळतो. पूर्वी पळसाची पत्रावळ असे, ती मातीला मिळे.

२०२० आणि २०२१ साली साथीमुळे पायी वारी झाली नाही. मानाच्या पालख्या एस. टी. बसने गेल्या. त्या दोन वर्षी माणसांविना रस्ते कसे दिसले असतील कोण जाणे!

पुढच्या वर्षी कौंडण्यपूरहून निघणाऱ्या पालखीबरोबर पहिला मुक्काम तरी चालावे, असे आम्ही चौघीजणींनी ठरविले आहे. कापडी पिशव्या आणि पत्रावळी आम्ही घेऊ. सोयीचे काय ते आधी त्या गावच्या बायांना विचारून येणार आहोत, आणि कुलपाची किल्ली कोणाकडे तेही. यायचे असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे.